शुड, मस्ट आणि ‘करायला पाहिजे होतं’

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय इंग्रजी व्याकरणाचा आहे. लगेच पुढे ढकलू नका. दहावी-बारावीच्या पेपरात एक प्रश्न असायचा, वाक्यातली मोडल ऑक्झिलरी ओळखा आणि तिचं काम सांगा. आपण उत्तर लिहायचो, शुड म्हणजे सल्ला, मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी किंवा शक्यता. एक मार्क मिळायचा, विषय संपायचा. मग आपण नोकरीला लागतो, दिवसाला चाळीस मेल आणि मेसेज इंग्रजीत लिहितो, आणि तेव्हा कळतं की त्या एका मार्कात बरंच काही शिल्लक राहिलं होतं.

मी भाषेचा शिक्षक नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय, पाच-सहा वर्षं झाली. पण आमच्या धंद्यात शुड आणि मस्ट यांच्यातल्या फरकावर चक्क अधिकृत दस्तऐवज आहेत, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडासा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आज तीन गोष्टी बघू. सल्ला कसा द्यायचा, गरज किंवा सक्ती कशी सांगायची, आणि झाल्या गोष्टीबद्दलची हळहळ कशी मांडायची. आणि हे सगळं मराठीकडून इंग्रजीकडे जाऊन बघू. कारण तर्खडकरांच्या भाषांतरमालेपासून आपण इंग्रजी शिकतो ते मनातल्या मनात भाषांतर करूनच. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त कुठे भाषांतर घसरतं ते माहीत असलं पाहिजे.

आपला ‘पाहिजे’ फार काम करतो

आधी मराठीतच बघा. ‘पाणी जास्त प्यायला पाहिजे.’ हा सल्ला. ‘फॉर्मवर सही पाहिजे.’ ही अट. ‘मला चहा पाहिजे.’ ही इच्छा. ‘आता निघायला पाहिजे.’ ही गरज. ‘ट्रेन एव्हाना यायला पाहिजे.’ हा अंदाज. एकच शब्द आणि पाच कामं. आपल्याला गोंधळ होत नाही, कारण सूर, ‘च’ आणि प्रसंग आपल्याला सांभाळून घेतात. ‘जायला पाहिजे’ आणि ‘गेलंच पाहिजे’ यात किती फरक आहे ते लहान मुलालाही कळतं.

इंग्रजीत तो ‘च’ नाही. तिथे शब्दच बदलावा लागतो. म्हणून पहिली सवय ही लावायची, की ‘पाहिजे’ मनात आलं की लगेच भाषांतर करायचं नाही. आधी स्वतःला विचारायचं, हे नाही केलं तर काय होईल?

काही होणार नाही, पण केलेलं चांगलं, असं असेल तर शुड. ‘करावं’, ‘केलं तर बरं’. यू शुड सी अ डॉक्टर. डॉक्टरला दाखवावं.

नाही केलं तर काम अडेल, नियम मोडेल, बाहेरून कोणीतरी अडवेल, असं असेल तर हॅव टू. आपलं ‘करावं लागतं’. आय हॅव टू रिन्यू माय पासपोर्ट. पासपोर्टचं नूतनीकरण करावं लागणार आहे, माझी इच्छा असो वा नसो. मराठीत ‘मला करावं लागतं’ म्हणतो तेव्हा गरज बाहेरून येऊन आपल्याला चिकटते, तीच भावना हॅव टूमध्ये आहे. बोलताना ते ‘हॅफ्टू’ असं ऐकू येतं, तेही लक्षात ठेवा, नाहीतर फोनवर निसटून जातं.

आणि बोलणाराच अधिकारानं सांगतोय, किंवा स्वतःलाच बजावतोय, तिथे मस्ट. ‘केलंच पाहिजे.’ आय मस्ट कॉल आई टुनाइट. आज रात्री आईला फोन केलाच पाहिजे.

आता यातली मेख. मस्टमध्ये अधिकार असतो, म्हणून तो नियमावलीत, पाटीवर शोभतो. पण सहकाऱ्याला मेलमध्ये ‘यू मस्ट सेंड मी द फाईल टुडे’ असं लिहिलं की समोरच्याला वाटतं, हा कोण मला हुकूम सोडणारा? आपल्या मनात असतं साधं ‘आज फाईल पाठवायला पाहिजे हां.’ त्यातला ‘हां’ भाषांतरात गळून पडतो. गंमत म्हणजे हाच मस्ट आमंत्रणात गोड लागतो. ‘यू मस्ट कम होम फॉर डिनर’ म्हणजे ‘जेवायला आलंच पाहिजे, ऐकणार नाही मी!’ आग्रह ज्याच्या फायद्याचा, त्याला मस्ट चालतो. ज्याला कष्ट पडणार, त्याला टोचतो.

नकार लावला की खरी परीक्षा

होकारात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ शेजारी राहतात. नकारात मात्र एक मुंबईत आणि एक नागपुरात.

यू मस्ट नॉट रिस्टार्ट द सर्व्हर. सर्व्हर रिस्टार्ट करायचा नाही. बंदी आहे.

यू डोन्ट हॅव टू रिस्टार्ट द सर्व्हर. रिस्टार्ट करायची गरज नाही. केलात तरी चालेल.

मराठीत ‘करायचं नाही’ आणि ‘करायची गरज नाही’ यात आपण कधी चुकत नाही. पण घाईत लिहिताना दुसऱ्याच्या जागी पहिलं किंवा पहिल्याच्या जागी दुसरं जातं. औषधाच्या सूचनेत, मशीनच्या सूचनेत किंवा सर्व्हरच्या सूचनेत हे उलटंसुलटं झालं तर काय होईल, विचार करा. उच्चाराचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. मस्ट नॉट जोडून म्हणताना मधला ‘ट’ जातो आणि ‘मसन्ट’ असं ऐकू येतं. शुड, वुड, कुड यांतला ‘ल’ तर लिहिण्यापुरताच.

आणि एक, हॅड बेटर. यात बेटर आहे म्हणून आपल्याला ते ‘केलेलं बरं’ असं मऊ वाटतं. तसं ते नाही. ‘यू हॅड बेटर फिनिश इट टुडे’ यात मागे एक ‘नाहीतर बघ’ लपलेलं असतं. मित्राला, भावाला म्हणा. क्लायंटला म्हणू नका.

याच्या उलट गोष्ट, जी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सीनिअरनी समजावली. परदेशातला माणूस जेव्हा लिहितो ‘यू माइट वॉन्ट टू चेक धिस बिफोर द रिलीज’, तेव्हा शब्दशः अर्थ होतो ‘रिलीजच्या आधी हे तपासावंसं तुम्हाला कदाचित वाटेल’. मराठी कानाला हे अगदी ऐच्छिक वाटतं. प्रत्यक्षात तो म्हणत असतो, बाबांनो, हे बघा, इथे काहीतरी गडबड आहे. आपल्याकडेही असं बोलतात की! सासरी आलेल्या सुनेला ‘आमच्याकडे वरणात गूळ घालतात हो’ असं कोणी सांगितलं, तर ती काही पाककलेची माहिती नसते.

तीन पानांचा एक दस्तऐवज

इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात. हे नियम जगभरचे लोक वाचतात, आणि त्यांतल्या असंख्य लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते. एकानं शुड वाचून ‘करायलाच हवं’ समजायचं आणि दुसऱ्यानं ‘नाही केलं तरी चालतं’ समजायचं, तर दोघांची मशीन एकमेकांशी बोलणारच नाहीत. म्हणून मार्च १९९७ मध्ये हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ लिहिला. जेमतेम तीन पानांचा. त्यात फक्त हे ठरवलंय की नियमावलीत मस्ट, शुड आणि मे यांचा अर्थ काय घ्यायचा.

मस्ट म्हणजे पूर्ण सक्ती, त्यात पळवाट नाही. मस्ट नॉट म्हणजे पूर्ण बंदी. मे म्हणजे खरोखर ऐच्छिक, एक जण करेल, दुसरा नाही करणार, आणि तरीही दोघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे.

शुडची व्याख्या मला सगळ्यात आवडते. तिचा भावार्थ असा, की विशिष्ट परिस्थितीत हे न करायला सबळ कारण असू शकतं, पण वेगळा मार्ग घेण्याआधी सगळे परिणाम नीट समजून, तोलून घ्या. म्हणजे शुड हा ‘वाटलं तर करा’ नाही. शुड म्हणजे ‘करा, आणि नाही केलंत तर का नाही केलंत ते सांगता यायला हवं’. घरात मोठी माणसं ‘जाऊन यावं बाबा एकदा’ म्हणतात, त्यातला ‘यावं’ हा असाच असतो. न जायला कारण लागतं.

त्याच दस्तऐवजात असंही बजावलंय की हे शब्द जपून, आवश्यक तिथेच वापरा. सगळंच मस्ट केलं की कुठलाच मस्ट उरत नाही. पुढे मे २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ आला आणि त्यानं स्पष्ट केलं की हे शब्द मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये असतील तरच त्यांना हा खास अर्थ आहे, छोट्या लिपीत असतील तर रोजचं साधं इंग्रजी समजा. वीस वर्षं जगातले इंजिनिअर यावर वाद घालत होते म्हणायचं! आणि मधे १ एप्रिल २०१३ ला एक चेष्टेचा आरएफसीही निघाला, ६९१९ नंबरचा. त्यात ‘मस्ट, पण आम्हाला माहीत आहे तुम्ही करणार नाही’ अशा अर्थाची एक पातळी होती. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तिची फार गरज आहे.

एका वाक्याची गोष्ट

आता मी ज्याच्यासाठी हा भाग करायला घेतला तिकडे येतो.

पूर्वी मी जिथे काम करायचो तिथल्या एका टीममधली गोष्ट. कंपनीचं नाव नको, त्या मुलीचं तर नकोच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, तालुक्याच्या गावातली, कामाला अतिशय चोख. प्रोबेशनवर होती, कन्फर्मेशन दीड महिन्यावर आलेलं.

एका रात्री तिनं रिलीज केलं. सर्व्हरवर सेटिंगची एक जुनी फाईल होती आणि एक नवी टाकायची होती. कामाची यादी दिलेली होती, इंग्रजीत, परदेशातल्या टीमनं लिहिलेली. त्यात होतं, द ओल्ड फाईल मे बी रिमूव्ह्ड. जुनी फाईल काढली तरी चालेल. तिनं नाही काढली. मे म्हणजे ऐच्छिक, शाळेत हेच शिकवलं होतं. पण प्रोग्रॅमची रचना अशी होती की दोन्ही फाईल असल्या तर तो जुनी उचलायचा. पहाटेपर्यंत काही ग्राहकांना जुन्या दरानं बिलं गेली. रात्रपाळीच्या माणसानं घाईघाईत जुनी फाईल तिथून काढली, सर्व्हिस पुन्हा चालू केली, आणि झोपायला गेला.

सकाळी तिला अहवाल लिहायला सांगितलं. तिला लिहायचं होतं, ‘मी जुनी फाईल डिलीट करायला पाहिजे होती.’ तिनं भाषांतर केलं. पाहिजे म्हणजे मस्ट. होती म्हणजे भूतकाळ, म्हणजे हॅव लावा. आय मस्ट हॅव डिलीटेड द ओल्ड फाईल.

या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, ‘जुनी फाईल बहुतेक माझ्याच हातून डिलीट झाली असणार.’

एकदम उलट. न केलेल्या गोष्टीची हळहळ तिला सांगायची होती, आणि वाचणाऱ्याला मिळाला केलेल्या गोष्टीचा कबुलीजबाब. तिकडच्या साहेबांनी वाचलं, सर्व्हरवर पाहिलं, तिथे जुनी फाईल खरंच नव्हती. कारण रात्रपाळीवाल्यानं काढली होती. त्यांनी ‘ओल्ड फाईल’ म्हणजे मागच्या रिलीजची बॅकअप प्रत असं धरलं. दोन दिवस बॅकअप शोधण्यात गेले. तिला प्रश्न आला, कोणाच्या परवानगीनं डिलीट केलंस? ती उत्तर देत होती, मी केली नाही. मग आधी केली असं का लिहिलंस? आता बोलणं बदलतेयस, असा संशय आला. कन्फर्मेशन थांबवलं.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती मला मराठीत म्हणाली, ‘अरे, मी फाईल काढायला पाहिजे होती, ती काढली नाही, एवढंच झालंय. आणि हे लोक विचारतायत का काढलीस!’ मी तिला म्हटलं, तो अहवाल दाखव जरा. वाक्य वाचलं आणि सगळा उलगडा झाला. मॅनेजरना दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवली. लॉग तपासले, फाईल काढणारा कोण ते त्यात होतंच. अहवाल दुरुस्त झाला. कन्फर्मेशन आलं, पण महिनाभर उशिरा. आणि तिला मेल आला की कम्युनिकेशन सुधारा.

त्या मेलचा मला आजही राग येतो. तिचं एक वाक्य चुकलं, मान्य. पण पहिला गोंधळ ज्या वाक्यानं झाला ते ‘मे बी रिमूव्ह्ड’, ते ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा माणसानं लिहिलं होतं. जिथे मस्ट हवा तिथे त्यानं सभ्यपणे मे घातला. त्याला कोणी कम्युनिकेशन सुधारा म्हणून मेल केला नाही. यादीतलं ते वाक्य मात्र नंतर गुपचूप बदललं गेलं. आता तिथे मस्ट आहे.

मस्ट हॅव म्हणजे अंदाज, शुड हॅव म्हणजे हळहळ

तिची चूक मूर्खपणाची मुळीच नव्हती, तर्कशुद्ध होती. म्हणून ती नीट समजून घेऊ.

मस्टची दोन कामं आहेत, सक्ती आणि अंदाज. ही मस्ट बी अ‍ॅट होम. तो घरी असला पाहिजे, किंवा तो घरी असणार. दोन्ही. आणि हे परकं वाटायला नको, कारण आपल्या मराठीतही विध्यर्थाला हीच दोन कामं आहेत. ‘त्यानं घरी असावं’ हे कर्तव्य. ‘तो घरी असावा’ हा अंदाज. आपण त्यानं आणि तो यांवरून फरक करतो. इंग्रजीत ती सोय नाही.

पण भूतकाळात गेलं की इंग्रजी वाटणी करून टाकतं. घडून गेलेल्या एका ठरावीक घटनेबद्दल मस्ट हॅव आला, की तो अंदाजच. सक्तीला भूतकाळात हॅड टू मिळतं. आणि राहून गेलेल्या गोष्टीला शुड हॅव.

मी एकच क्रियापद घेऊन सगळी म्हणतो, शक्य असेल तर माझ्यामागे म्हणा.

जावं लागलं. आय हॅड टू गो. म्हणजे गेलो.

जायला हवं होतं. आय शुड हॅव गॉन. म्हणजे गेलो नाही.

जायला नको होतं. आय शुडन्ट हॅव गॉन. म्हणजे गेलो, आणि आता पस्तावतोय.

तो गेला असणार. ही मस्ट हॅव गॉन. पाहिलं नाही, पण खात्री वाटते.

तो गेला असेल कदाचित. ही माइट हॅव गॉन. खात्रीही नाही.

जाता आलं असतं. आय कुड हॅव गॉन. वाट मोकळी होती, गेलो नाही.

उगाच गेलो, गरज नव्हती. आय नीडन्ट हॅव गॉन. गेलो, फुकट गेलो.

जायचं ठरलं होतं. आय वॉज सपोज्ड टू गो. पुढे काय झालं ते ऐकणाऱ्यानं विचारावं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण म्हणतो ‘मला जायचं होतं’. यात इच्छाही येते आणि जबाबदारीही. इच्छा असेल तर आय वॉन्टेड टू गो. जबाबदारी असेल तर आय वॉज सपोज्ड टू गो. ऑफिसात बहुतेक वेळा दुसरं हवं असतं आणि आपण पहिलं लिहितो.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कोणीतरी जाहिरात दाखवून मला पकडेल. नोकरीच्या जाहिरातीत असतं, कँडिडेट्स मस्ट हॅव कम्प्लिटेड ग्रॅज्युएशन. इथे मस्ट हॅव ही अटच आहे. कारण ती एखाद्या घडलेल्या प्रसंगाबद्दल नाही, अर्ज करणाऱ्या कुणालाही लागू असलेली पात्रता आहे. आणि बोलताना शुड हॅव हे ‘शुडव्ह’ होतं. ते ऐकून खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ‘शुड ऑफ’ असं लिहितात. ते चूकच आहे. त्यांचंही घसरतं, एवढं मनात असू द्या.

हळहळीचा एक प्रेमळ प्रकारही आहे. कोणी भेटवस्तू आणली की तिकडे म्हणतात, ‘ओह, यू शुडन्ट हॅव!’ आपलं ‘कशाला आणलंस उगाच!’ दोन्हीकडे चेहऱ्यावर हसू असतं. आणि मित्राचे वडील आजारी होते हे आपल्याला महिन्यानं कळलं तर आपण म्हणतो, ‘सांगायचं होतंस ना रे!’ यू शुड हॅव टोल्ड मी. यात तक्रार नाही, माया आहे. पण हेच वाक्य मॅनेजरनं मीटिंगमध्ये दहा लोकांसमोर म्हटलं तर ती शंभर टक्के तक्रार आहे. शब्द तेच, जागा बदलली.

अहवालात शुड हॅव नको

सुरक्षिततेचा अभ्यास करणारे सिडनी डेकर यांचं म्हणणं असं, की अपघाताच्या चौकशीत ‘त्यानं असं करायला हवं होतं’ हे वाक्य न घडलेल्या जगाबद्दल बोलतं. प्रत्यक्षात काय घडलं, आणि त्या माणसाला त्या क्षणी तेच करणं योग्य का वाटलं, हे त्यातून कळत नाही. सॉफ्टवेअरमध्येही हा विचार रुजला. २०१२ मध्ये जॉन ऑलस्पॉ यांनी दोष न देणाऱ्या पोस्टमॉर्टेमबद्दल लिहिलं, आणि पुढे अनेक टीमनी ती पद्धत घेतली.

त्या मुलीच्या प्रकरणात हे लावून बघा. ‘शी शुड हॅव डिलीटेड द फाईल’ असं बिनचूक इंग्रजीत लिहिलं असतं, तरी दोष तिच्यावरच आला असता. त्याऐवजी लिहा, ‘यादीत मे असं होतं. तिनं फाईल तशीच ठेवली. दोन्ही फाईल असताना प्रोग्रॅमनं जुनी उचलली.’ तीन साधी भूतकाळी वाक्यं, एकही मोडल नाही. आणि वाचणाऱ्याला आपोआप दिसतं की दुरुस्ती यादीत आणि प्रोग्रॅममध्ये करायला हवी. इंग्रजी कच्चं असलेल्या माणसासाठी तर हा मार्ग दुप्पट चांगला. काय पाहिलं, काय केलं, काय झालं. क्रियापद साधं, वेळ लिहिलेली. अंदाज बांधायचाच झाला तर ‘आय थिंक’ लावून वेगळ्या ओळीत.

पुढचं काय, हे लिहिताना मात्र मोडल लागतात, आणि तिथे आरएफसीवाल्यांची शिस्त ठेवा. ज्याच्याशिवाय चालणार नाही तिथेच मस्ट. कारण सांगून टाळता येईल तिथे शुड. खरोखर ऐच्छिक तिथे मे. सौजन्य दाखवायला प्लीज आहे, त्यासाठी मस्टचा मे करू नका.

आणि तुमच्यापैकी जे मॅनेजर, टीम लीड आहेत, कनिष्ठांचं इंग्रजी रोज वाचतात, त्यांच्यासाठी एवढंच. एखादं वाक्य विचित्र वाटलं, कबुलीसारखं वाटलं, तर त्यावर निर्णय घेण्याआधी फोन उचला आणि त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारा, ‘नक्की काय झालं, सांग बघू.’ आमच्याकडे त्याला दोन मिनिटं लागली असती. गेले दोन दिवस, आणि एका मुलीचा महिना.

गृहपाठ देतो. आज दिवसभरात तुम्ही स्वतः किती वेळा ‘पाहिजे’ म्हणता ते मोजा, आणि त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत लिहा. प्रत्येक वेळी आधी तो प्रश्न विचारा, नाही केलं तर काय होईल? अडलात तर वाक्य मला पाठवा, मराठीतलं मूळ वाक्यही सोबत द्या. उत्तर नक्की देईन.

पुढच्या भागात वुड घेऊ. ‘असतं तर’, ‘केलं असतं’, आणि पगाराबद्दल बोलताना वुड कसा कामाला येतो, ते. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!